थोपवणाऱ्या पेशी कोणाचं ऐकतात?

मेंदूवरचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच दोन रेणू भेटतात. ग्लुटामेट पेशींना चेतवतं, गाबा त्यांना थोपवतो. वाक्य बरोबर आहे, पण ते वाचून डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते फार अपुरं आहे. आपल्याला वाटतं, हे दोन्ही संदेश आपापल्या वाटेने येतात, पेशीत त्यांची बेरीज-वजाबाकी होते आणि जो भारी पडेल त्याचं चालतं. प्रत्यक्षात गाबा जिथून बाहेर पडतो त्या टोकांवरच पुष्कळदा ग्लुटामेट ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारी प्रथिनं, बसलेले असतात. आणि गाबा ज्या पेशीवर पडतो तिथे ग्लुटामेटच्या रिसेप्टरांतून आत शिरलेलं कॅल्शियम त्या गाबाचा परिणाम किती होऊ द्यायचा हे ठरवतं. थोपवणारा संदेश किती जोराचा असावा, यावर चेतवणाऱ्या रेणूची अशी दोन्हीकडून पकड आहे. कुठे ती थोपवणं वाढवते, कुठे घटवते, आणि काही ठिकाणी एकाच पेशीवर आधी घटवून मग वाढवते.

या विषयात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. ‘ग्लुटामेटने थोपवणं वाढतं की घटतं?’ असा सरधोपट प्रश्न इथे चालतच नाही. कुठला रिसेप्टर, कुठल्या जागी, किती ग्लुटामेट आणि किती वेळ, एवढं कळलं की उत्तर मिळतं. यातला प्रत्येक तपशील प्रयोगाच्या टेबलावर किती सहज निसटू शकतो, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराची किंमत कळत नाही. म्हणून हा लेख थोडा प्रयोगशाळेत रेंगाळणार आहे.

मुळात या दोन रेणूंचं नातं फार जवळचं. गाबा बनतो तोच ग्लुटामेटपासून. ग्लुटामिक ॲसिड डीकार्बॉक्सिलेज नावाचं विकर ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि गाबा उरतो. एकच पायरी. या विकराला ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला मदतनीस रेणू लागतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत एका डबाबंद शिशुआहारात ब-६ पुरेसं नव्हतं आणि ते दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना झटके येऊ लागले, त्याचं मूळ इथे आहे. मेंदूत गाबा सापडला १९५० मध्ये, यूजीन रॉबर्ट्स यांना. तो पेशींना थोपवतो हे नक्की व्हायला आणखी काही वर्षं गेली. ग्लुटामेटची ओळख तशी जुनी. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ते चव देणारा पदार्थ म्हणून वेगळं काढलं होतं. मेंदूतलं त्याचं काम बऱ्याच उशिरा उमगलं.

ग्लुटामेटचे रिसेप्टर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीच्या मधोमध आयनांसाठी वाट असते. ग्लुटामेट चिकटलं की ती उघडते आणि सोडियम, काही वेळा कॅल्शियमही, आत येतं. अ‍ॅम्पा, एनएमडीए आणि कायनेट हे या जातीतले तीन. दुसरी जात पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनांमार्फत काम करते. तिला मेटाबोट्रॉपिक म्हणतात, तिचे ८ प्रकार आहेत आणि ते ३ गटांत मोडतात. यातल्या एनएमडीएचा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढे त्याच्यामुळेच बराच घोळ होतो. पेशी विश्रांतीत असते तेव्हा, म्हणजे आतलं व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतं तेव्हा, त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन अडकून बसतो. १९८४ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी हे दाखवलं. पेशी थोडी चेतल्याशिवाय तो आयन हलत नाही. शिवाय नुसत्या ग्लुटामेटने भागत नाही, ग्लायसीन किंवा डी-सेरीनची जोड लागते. आणि हा रिसेप्टर फार थोड्या ग्लुटामेटवर जागा होतो. अ‍ॅम्पाला शेकडो मायक्रोमोलर लागतात, एनएमडीएला दोन-तीन पुरतात (हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक; हजार मायक्रोमोलर म्हणजे १ मिलिमोलर).

या शेवटच्या आकड्यांत सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. थोपवणाऱ्या टोकासमोर ग्लुटामेटची स्वतःची अशी सिनॅप्स, म्हणजे एका पेशीने दुसरीला संदेश देण्याचा सांधा, सहसा नसतेच. मग ग्लुटामेट तिथे पोचतं कसं? सिनॅप्सची फट साधारण २० नॅनोमीटर रुंद. तिच्यात ग्लुटामेटची पातळी जेमतेम १ मिलिसेकंद सुमारे १ मिलिमोलरपर्यंत चढते आणि मग ते आजूबाजूला पसरून विरळ होतं. चाळीत एका खोलीतलं बोलणं शेजारच्या खोलीत अर्धवट का होईना पोचतं, तसं हे विरळ ग्लुटामेट शेजारच्या टोकांपर्यंत पोचतं, आणि त्या पातळीला एनएमडीए आणि मेटाबोट्रॉपिक रिसेप्टर चांगले जागे होतात. आजूबाजूच्या ग्लायल, म्हणजे न्यूरॉनांना आधार देणाऱ्या, पेशी आणि काही ठिकाणी खुद्द न्यूरॉन ते शोषून घेत असतात, म्हणून हा पसारा मर्यादित राहतो. ही शोषण करणारी प्रथिनं टीबीओए या औषधाने अडवली की पसारा वाढतो. एखादा परिणाम ग्लुटामेट सांडल्यामुळे होतोय अशी शंका असेल तर पहिली चाचणी हीच करायची.

आता एक जागा निवडू या. माझी निवड लहान मेंदूची, म्हणजे अनुमस्तिष्काची. तिथली पर्किंजी पेशी हा या प्रश्नासाठी जवळजवळ आदर्श मंच आहे. तिच्यावर एक लाखाहून अधिक समांतर तंतू ग्लुटामेट सोडतात. एकच एक आरोही तंतू तिच्या फांद्यांना वेलासारखा बिलगून शेकडो ठिकाणी ग्लुटामेट सोडतो. आणि शेजारच्या स्टेलेट व बास्केट पेशी तिच्यावर गाबा सोडतात. पण खरा फायदा वेगळाच आहे. दोन-तीन आठवडे वयाच्या उंदराच्या पर्किंजी पेशीत कामाचे एनएमडीए रिसेप्टर जवळपास नसतातच. मग एनएमडीए टाकल्यावर या पेशीवर येणाऱ्या गाबाच्या संदेशात काही बदल झाला, तर तो बदल पर्किंजी पेशीतला असूच शकत नाही. तो पलीकडच्या, गाबा सोडणाऱ्या पेशीतला असणार. निसर्गाने आपल्यासाठी केलेली ही सोय फार थोड्या ठिकाणी मिळते. वयाचं बंधन मात्र काटेकोरपणे पाळावं लागतं, कारण प्रौढ उंदरांत आरोही तंतूच्या सिनॅप्सवर एनएमडीए रिसेप्टर पुन्हा दिसू लागतात.

प्रयोग असा. लहान मेंदूच्या मधल्या भागाचे, म्हणजे व्हर्मिसचे, उभे काप व्हायब्रेटोम या थरथरत्या पात्याच्या यंत्रावर घ्यायचे, २५० ते ३०० मायक्रोमीटर जाडीचे. उभेच का, तर पर्किंजी पेशीचा फांद्यांचा पसारा त्याच प्रतलात असतो. आडवे कापले तर तो छाटला जातो. कापताना द्रावण बर्फासारखं गार हवं. नंतर काप कृत्रिम मस्तिष्कद्रवात ठेवायचे: सोडियम क्लोराइड १२५ मिलिमोलर, सोडियम बायकार्बोनेट २६, पोटॅशियम क्लोराइड २.५, कॅल्शियम २, मॅग्नेशियम १, शिवाय फॉस्फेट आणि ग्लुकोज. त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत चालू. ते थांबले की सामू चढतो आणि काप बघता बघता मलूल होतात.

इलेक्ट्रोडच्या काचनळीत सीझियम क्लोराइडचं द्रावण भरतात, १४० मिलिमोलरच्या आसपास. यामागे हिशेब आहे. गाबाचा रिसेप्टर क्लोराइडची वाट उघडतो. आत-बाहेर क्लोराइड जवळपास सारखं केलं की त्याचा समतोल शून्य मिलिव्होल्टवर येतो. मग पेशी उणे ७० वर धरली की गाबाचा प्रत्येक संदेश मोठा, आत येणारा प्रवाह म्हणून स्पष्ट दिसतो. अर्थात, हा प्रवाह मोठा दिसतो तो आपण क्लोराइड बदलल्यामुळे. खऱ्या पेशीत तो तसा नसतो. हे विसरून निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. द्रवात टेट्रोडोटॉक्सिन टाकायचं, अर्धा ते १ मायक्रोमोलर. पफर माशाचं हे विष सोडियमच्या वाटा बंद करतं, त्यामुळे पेशी विद्युतस्पंद पाठवू शकत नाहीत. उरतात ते फक्त आपोआप फुटणाऱ्या एकेका पुडीतल्या गाबाचे छोटे प्रवाह. प्रयोगशाळेत त्यांना नुसतं ‘मिनी’ म्हणतात. अ‍ॅम्पा अडवायला एनबीक्यूएक्स १० मायक्रोमोलर घालायचं, नाहीतर ग्लुटामेटचे मिनी गाबाच्या मिनींत मिसळतात आणि काही केल्या वेगळे करता येत नाहीत. शेवटी गाबाझीन हे गाबाचा रिसेप्टर अडवणारं औषध घालून सगळे मिनी नाहीसे होतात ना, हे पाहायचंच पाहायचं.

मिनी वाचण्याचा नियम बर्नार्ड कात्झ यांच्या काळापासून चालत आला आहे. त्यांनी आणि पॉल फॅट यांनी बेडकाच्या स्नायूत १९५० च्या सुमारास हे सूक्ष्म, आपोआप होणारे संदेश पहिल्यांदा टिपले. मिनींची संख्या वाढली तर बदल सोडणाऱ्या टोकात आहे, उंची वाढली तर झेलणाऱ्या पेशीत आहे. १९९९ मध्ये माइके ग्लिच आणि आलँ मार्टी यांनी हा नियम पर्किंजी पेशींवर लावला. टेट्रोडोटॉक्सिन असतानाही एनएमडीए टाकल्यावर गाबाच्या मिनींची संख्या वाढली. सरळ अर्थ असा निघाला की स्टेलेट व बास्केट पेशींच्या टोकांवर एनएमडीए रिसेप्टर आहेत, त्यांतून कॅल्शियम आत जातं आणि गाबाच्या पुड्या जास्त फुटतात. म्हणजे ग्लुटामेटने थोपवणं वाढलं.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण कात्झ यांच्या नियमाला दोन भोकं आहेत. पहिलं मोजणीतलं. मिनी शोधणारं सॉफ्टवेअर एका ठरावीक उंचीच्या वरच्याच घटना मोजतं, समजा ८ पिकोअँपियर. झेलणाऱ्या पेशीत रिसेप्टर वाढून मिनी थोडे उंच झाले, तर आधी गोंगाटात बुडालेले मिनी वर येतात आणि संख्या वाढल्यासारखी दिसते. उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा. उंचीचं पूर्ण वितरण काढून आधीच्या आणि नंतरच्या आलेखाचा आकार ताडून पाहायचा. त्याचबरोबर इलेक्ट्रोड आणि पेशी यांच्यातला रोध दर काही मिनिटांनी मोजायचा. तो २० टक्क्यांहून जास्त हलला तर ती नोंद टाकून द्यायची, कितीही सुंदर असली तरी.

दुसरं भोक जास्त खोल आहे. टेट्रोडोटॉक्सिन विद्युतस्पंद बंद करतं, पण व्होल्टेज पसरणं बंद करत नाही. एनएमडीए रिसेप्टर टोकावर नसून पेशीच्या फांद्यांवर, म्हणजे डेंड्राइटवर असतील, तर तिथे चढलेलं व्होल्टेज अक्षतंतूतून, म्हणजे पेशीच्या संदेश नेणाऱ्या धाग्यातून, निष्क्रियपणे वाहत टोकापर्यंत पोचू शकतं. स्टेलेट पेशी लहान, तिचा अक्षतंतू आखूड, त्यामुळे वाटेत फारसं गळतही नाही. टोकाशी पोचलेलं ते थोडंसं व्होल्टेज कॅल्शियमच्या वाटा उघडायला पुरतं. २००८ मध्ये पोर्टलंडच्या व्होलम इन्स्टिट्यूटमधल्या जेसन क्रिस्टी आणि क्रेग जार यांनी नेमकं हेच दाखवलं. फांद्यांवरच्या एनएमडीए रिसेप्टरांमुळे अक्षतंतूत कॅल्शियम वाढतं आणि ते व्होल्टेजने उघडणाऱ्या वाटांतून येतं. यानंतर रिसेप्टर नक्की कुठे आहेत यावर बरीच वर्षं वाद चालला, आणि तो वाद या क्षेत्राला फार उपकारक ठरला असं माझं मत आहे. आता असा दावा करणाऱ्याला विचारलं जातं, कॅडमियम घालून व्होल्टेजच्या कॅल्शियम वाटा बंद केल्यावरही परिणाम टिकतो का? टिकला तर कॅल्शियम रिसेप्टरमधूनच येतंय म्हणायला आधार मिळतो. गेला तर फांद्यांकडे पाहायचं.

आणखी एक साधी चूक मॅग्नेशियमची. अनेक प्रयोगांत एनएमडीए रिसेप्टर उघडे राहावेत म्हणून द्रवातून मॅग्नेशियम काढून टाकतात. परिणाम मोठा आणि देखणा दिसतो. पण जिवंत मेंदूत सुमारे १ मिलिमोलर मॅग्नेशियम असतंच. त्याच्या उपस्थितीत तोच परिणाम दिसला नाही तर आपण शोधलेली गोष्ट प्राण्याच्या मेंदूत घडते की फक्त आपल्या कापात, हे सांगता येत नाही. असा लेख हातात आला की निष्कर्षाआधी मी द्रावणांचा परिच्छेद वाचतो. मॅग्नेशियम किती, तापमान किती, प्राण्याचं वय काय. अर्ध्या शंका तिथेच फिटतात.

आता त्याच पर्किंजी पेशीवर आरोही तंतू पेटतो तेव्हा काय होतं ते पाहू, कारण ग्लुटामेटची दोन्ही टोकांची पकड इथे जशी दिसते तशी दुसरीकडे क्वचितच दिसते.

पहिल्या काही मिलिसेकंदांत तंतूतून ग्लुटामेट सांडतं. ते जवळच्या स्टेलेट-बास्केट पेशींना चेतवतं, तेही कुठल्याही नेहमीच्या सिनॅप्सशिवाय, केवळ सांडून. जर्मन सापिरो आणि बोरिस बार्बर यांनी २००७ मध्ये हे दाखवलं. पण तेच सांडलेलं ग्लुटामेट बास्केट पेशींच्या टोकांवरच्या अ‍ॅम्पा रिसेप्टरांना लागतं, आणि तिथे उलटा परिणाम होतो, गाबा कमी सुटतो. २००० मध्ये जपानमध्ये सताके, कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोही तंतू वारंवार उत्तेजित करून ही घट मोजली. ग्लुटामेटचं शोषण अडवल्यावर ती वाढली. म्हणजे एकच रेणू, जवळपास एकाच वेळी, त्याच जातीच्या पेशींना त्यांच्या मुख्य अंगाशी चेतवतो आणि टोकाशी गप्प करतो.

मग येतो काही सेकंदांचा टप्पा. आरोही तंतूच्या धक्क्याने पर्किंजी पेशीत भरपूर कॅल्शियम शिरतं. त्यामुळे ती एंडोकॅनाबिनॉइड बनवते, प्रामुख्याने २-एजी. हा स्निग्ध रेणू उलटा, झेलणाऱ्या पेशीकडून सोडणाऱ्या टोकाकडे जातो आणि तिथल्या सीबी-१ रिसेप्टरला लागून गाबा रोखतो. गांजा आणि भांगेतलं टीएचसी याच रिसेप्टरवर काम करतं. ही घट दहा-वीस सेकंदांत ठळक होते आणि मिनिटाभरात ओसरू लागते. पर्किंजी पेशीत ती पहिल्यांदा १९९१ मध्ये यानो, लेरेश आणि मार्टी यांनी टिपली, पण उलटा जाणारा दूत कोण हे कळायला १० वर्षं लागली. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागात हाच मार्ग मेटाबोट्रॉपिक रिसेप्टरांच्या पहिल्या गटातूनही सुरू होतो. ग्लुटामेट त्या रिसेप्टरला लागतं, आत फॉस्फोलायपेज-सी हे विकर जागं होतं, त्यातून डायअसिलग्लिसरॉल आणि त्यापासून २-एजी. तिथे २००३ मध्ये शेव्हालेर आणि कास्तियो यांनी दाखवलं की असा झोत काही मिनिटं टिकला तर गाबाची घट कायमची होऊन बसते.

त्यानंतर गाडी उलट दिशेने फिरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या इयन ड्युगिड आणि ट्रेव्हर स्मार्ट यांनी २००४ मध्ये पाहिलं की पर्किंजी पेशीला काही जोरदार व्होल्टेज-धक्के दिल्यावर आधी गाबा घटतो, पण काही मिनिटांनी मिनींची संख्या मूळ पातळीच्याही वर चढते आणि तिथे टिकते. एनएमडीए रिसेप्टर अडवल्यावर ही वाढ गेली. अर्थ असा की पर्किंजी पेशी, जी स्वतः अक्षतंतूतून गाबा सोडते, ती फांद्यांतून ग्लुटामेट सोडून शेजारच्या पेशींना सांगते की माझ्यावर गाबा जास्त सोडा. थोपवली जाणारी पेशी स्वतःच थोपवण्याचं प्रमाण वाढवून मागते! या प्रयोगाचं वर्णन कितीही वेळा वाचलं तरी मला त्याचं नवल वाटत राहतं.

आणि याच्या जोडीला झेलणाऱ्या बाजूचा बदल. मासानोबू कानो आणि आर्थर कॉनेर्थ यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलं की आरोही तंतूमुळे शिरलेलं कॅल्शियम पर्किंजी पेशीच्या गाबा रिसेप्टरांची संवेदनशीलताच वाढवतं, अर्ध्या तासाहून अधिक काळ. मिलिसेकंदांपासून तासापर्यंत पसरलेली ही सगळी साखळी एका तंतूच्या ग्लुटामेटपासून सुरू होते. ‘आरोही तंतूने थोपवणं वाढतं की घटतं’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही घड्याळात कधी पाहता त्यावर आहे.

कायनेट रिसेप्टरांच्या बाबतीत तर दोन-तीन वर्षं सगळं क्षेत्रच चक्रावलं होतं. कायनिक आम्ल मिळतं डायजिनिया नावाच्या तांबड्या समुद्री शेवाळातून. जपानमध्ये ते शेवाळ पोटातल्या जंतांवर औषध म्हणून वापरत, आणि १९५३ मध्ये त्यातून हा रेणू वेगळा काढला गेला. उंदराला तो दिला की हिप्पोकॅम्पसमधून झटके सुरू होतात. मानवी अपस्माराच्या एका प्रकाराचं नमुनारूप म्हणून तो अजून वापरतात. का सुरू होतात? १९९७ मध्ये ब्रिस्टल आणि माद्रिद, दोन्हीकडून उत्तर आलं की कायनेट रिसेप्टर गाबाचा उत्तेजित, म्हणजे विजेच्या धक्क्याने मुद्दाम घडवलेला, संदेश घटवतात, म्हणून थोपवणं ढिलं पडतं. पुढच्याच वर्षी पॅरिस आणि सान फ्रान्सिस्कोच्या गटांनी दाखवलं की कायनेट गाबा सोडणाऱ्या पेशींना इतकं चेतवतं की त्यांचे आपोआप होणारे संदेश वाढतात. थोपवणं वाढतंय! दोन्ही निरीक्षणं खरी होती.

गुंता सोडवायला काय लागलं ते पाहण्यासारखं आहे. आधी कायनेटचा परिणाम अ‍ॅम्पापासून वेगळा काढायचा होता, कारण कायनेट अ‍ॅम्पा रिसेप्टरांनाही उघडतं. त्यासाठी जीवायकेआय-५३६५५ हे अ‍ॅम्पापुरतंच काम करणारं औषध हातात यावं लागलं. मग प्रश्न असा की उत्तेजित संदेश घटला तो टोकातल्या कायनेट रिसेप्टरमुळेच का? बेफाम चेतलेल्या पेशींनी इतका गाबा ओतला की तो टोकांवरच्याच गाबा-बी या गाबाच्या दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरला लागून त्याने स्वतःचंच सुटणं रोखलं, असंही असू शकतं. सीजीपी-५५८४५ हे गाबा-बी अडवणारं औषध घालून ते तपासता येतं. झेलणाऱ्या पेशीच्या आवरणात इतक्या वाटा उघडल्या की प्रवाह मध्येच गळून गेला, हेही शक्य. शिवाय फार चेतलेली पेशी सोडियमच्या वाटा निष्क्रिय होऊन स्पंदच पाठवू शकत नाही, तेही एक. यातलं प्रत्येक कारण काही अंशी खरं निघालं. माद्रिदच्या गटाने मात्र टोकावरचा थेट परिणामही दाखवला, आणि तो आयनांच्या वाटेने नसून जी-प्रथिनामार्फत होतो हेही. मात्रेचा भागही मोठा आहे. भावनांशी जोडलेल्या अमिग्डाला या भागात २००३ मध्ये दिसलं की कायनेट रिसेप्टर हलके जागे केले तर गाबा वाढतो आणि जोरात केले तर घटतो. एकाच टोकावर.

इतर जागा थोडक्यात सांगतो. घ्राणकंदातल्या, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागातल्या, ग्रॅन्यूल पेशींना अक्षतंतूच नसतो. त्यांच्या फांद्यांवरच्या एकेका काट्यावर ग्लुटामेट येतं आणि त्याच काट्यातून, त्याच शेजाऱ्यावर, गाबा परत जातो, आणि ही परतफेड मुख्यतः एनएमडीए रिसेप्टरवर अवलंबून असते. व्यसनाशी संबंधित व्हीटीए भागात डोपामिन पेशीतले एनएमडीए रिसेप्टर नायट्रिक ऑक्साइड तयार करून गाबाच्या टोकांना बळकट करतात. २००७ मध्ये नुजेंट, पेनिक आणि कॉअर यांनी दाखवलं की मॉर्फिनच्या एका मात्रेनंतर २४ तासांनीही ही बळकटी येत नाही.

झेलणाऱ्या पेशीकडे पुन्हा वळू, कारण आजाराची वाट तिथून जाते. पृष्ठभागावरचे गाबा रिसेप्टर खिळलेले नसतात, ते सरकत असतात आणि सिनॅप्समध्ये गेफिरिन या प्रथिनाला धरून थांबतात. २००९ मध्ये पॅरिसमध्ये बन्नाई आणि त्रिये यांच्या गटाने एकेका रिसेप्टरला क्वांटम डॉट हा चमकणारा सूक्ष्म कण चिकटवून त्याचा प्रवास पाहिला. ग्लुटामेटचा मारा जोराचा झाला की कॅल्सिन्युरिन हे विकर जागं होतं आणि रिसेप्टर सिनॅप्समधून निसटून जातात. मारा माफक असेल तर कॅमके-२ हे दुसरं विकर पुढे येतं आणि उलट रिसेप्टर वाढतात. पुन्हा मात्रेचाच प्रश्न.

क्लोराइडचा हिशेब तर कागदावर करता येतो. बाहेर १३० मिलिमोलर, आत ७ असेल तर ३७ अंशांना गाबाचा समतोल उणे ७८ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. गाबा पेशीला चांगलं खाली ओढतो. आत ७ च्या जागी १५ झालं की समतोल उणे ५८. पेशी उणे ७० वर असेल तर आता गाबा तिला थोडी वरच ढकलतो. क्लोराइड बाहेर काढण्याचं काम केसीसी-२ नावाचं प्रथिन करतं, आणि एनएमडीए रिसेप्टरमधून आलेल्या कॅल्शियममुळे त्या प्रथिनाचा फॉस्फेट निघतो, ते आत ओढलं जातं, काही वेळा कापलंही जातं. गाबा तेवढाच, रिसेप्टर तेवढेच, तरी थोपवणं गेलेलं.

यामुळेच फिटचा झटका ५ मिनिटांहून जास्त चालला तर थांबून पाहायचं नाही, लगेच उपचार करायचा, असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ च्या व्याख्येत तीच मर्यादा ठेवली आहे. आकडीच्या मोठ्या झटक्यात दीर्घकालीन इजेचा धोका ३० मिनिटांपासून धरला जातो. नाकात फवारायचं मिडाझोलाम किंवा शिरेतून द्यायचं लोराझेपाम गाबा रिसेप्टरवरच काम करतं, त्यामुळे तो रिसेप्टर पृष्ठभागावर असणं हीच त्याची पहिली अट. २००५ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की चालू असलेल्या झटक्यात गाबा रिसेप्टर सिनॅप्समधून आत ओढले जातात. त्याच काळात एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात, हे पुढे त्याच क्षेत्रातल्या कामातून कळलं. म्हणून पहिल्या काही मिनिटांत ज्या मात्रेने झटका थांबतो, ती मात्रा अर्ध्या तासाने पुष्कळदा पुरत नाही. अतिदक्षता विभागात एकामागून एक औषधं निष्फळ ठरली की काही रुग्णांना केटामाइन देतात. केटामाइन एनएमडीए रिसेप्टर अडवतं, आणि तोवर त्या पेशींवर औषधाला धरायला सर्वांत जास्त उरलेले असतात ते तेच.